नाव न सांगता जुळवलेली जोडी

रायपुर, तात्यापारा
६ नोव्हेंबर २०००

चि. चेतनास,

तुझ्या आजीचा, म्हणजे सत्यभामाबाईचा, जयभीम. हे पत्र राजधानीतून येऊन राहिलं आहे, तं जरा नीट बसून वाच. मागच्या महिन्यापर्यंत तुझी आजी मध्यप्रदेशात होती, आता छत्तीसगडात आहे. घर तेच, नळ तोच, नळाले पाणी नाही तेही तसंच. पण राजधानी म्हणजे राजधानी.

एक तारखेले सकाळीच मी नि गोदावरी पाहाले निघालो. गोदावरी म्हणजे आपली बाजूची, जिचा पोरगा भैय्यालाल तुमच्या भोपाळातच बाबू आहे. रस्ते झाडलेले, चौकात फटाक्याचा कचरा, नि लाल दिव्याच्या गाड्या अशा फिरून राहिल्या जशी कोणाची वरात रस्ता चुकली. गोदावरी म्हणे, "दीदी, येवढे साहेब राहातीन कुठी?" मी म्हटलं, "तुझ्याच घरी राहातीन, ओसरी झाडून ठेव." तिनं खरंच जाऊन झाडली.

मंत्रालय कुठी बसवलं माहीत आहे का? डीके दवाखान्यात. खाटा काढल्या, टेबलं लावली. तुझा बाप त्याच दवाखान्यात झाला. ज्या वार्डात मी रडली-ओरडली, तिथं आता कोणी मोठा साहेब फायलीवर सही करत असन. मले तं लय हसू आलं. पण घरी आल्यावर मनात आलं, का आता माझ्या शामले तिथंच खुर्ची भेटली पाहिजे. तुझ्या बापानं सारी नोकरी भोपाळात काढली. राजधानी तिथं होती म्हणून तो तिथं गेला. आता राजधानी चालत आपल्या दाराशी आली, तं पोरगाही आला पाहिजे, का नाही? म्हणतात, बाबू लोकांची दोन राज्यांत वाटणी होणार. शामले म्हणा, आईनं वरची खोली सारवून ठेवली.

तुझे आजोबा असते तं त्यांनी वॅगन कारखान्यात पेढे वाटले असते. त्यांनीच मले पाटीवर अक्षरं शिकवली, म्हणून हे वेडंवाकडं लिहिता येते. हसू नको.

तुझी आजी


भोपाळ
१९ नोव्हेंबर २०००

प्रिय आजी,

जयभीम. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि आईला मोठ्याने वाचून दाखवलं. वरात रस्ता चुकली, तिथे हसता हसता आईची तव्यावरची पोळी जळाली.

आता रागावू नकोस. आमच्या कॉलेजांच्या वादविवाद स्पर्धेत यंदा विषय आहे, ‘राज्ये लहान केल्याने प्रगती होते’. आणि मी विरोधात बोलणार आहे. चिठ्ठीत विरोध आला म्हणून नाही, मीच मागून घेतला. मला खरंच वाटतं की हे घाईत झालं. खाणी, वीज, तांदूळ तिकडे गेलं, इकडे आता वीज कमी पडणार असं सगळे म्हणतात. आणि तिकडे तरी काय? विधानसभा, बंगले, कार्यालयं, सगळं नव्याने उभं करायचं. तो खर्च कुठल्या तरी गावच्या शाळेतून आणि दवाखान्यातूनच निघणार ना. तुमचा दवाखाना तर आधीच गेला.

आणि माणसं. आजी, इथे बाबांच्या ऑफिसात रोज तेच बोलणं आहे. एकाची बायको इथे नर्स आहे आणि त्याला रायपुरला पाठवतील अशी भीती. दुसरा बस्तरचा आहे, त्याला घरी जायचंय आणि त्याला इथेच ठेवतील अशी भीती. धान्य वाटावं तशी माणसं वाटतायत. मी भाषणात हेच म्हणणार आहे, की राज्य तुटलं की आधी घरं तुटतात.

माझं हे शेवटचं वर्ष आहे आणि आईची शाळा खाजगी, तिची बदली होत नाही. म्हणून बाबांच्या मनात काय आहे ते मी विचारत नाही आणि ते सांगत नाहीत. वाटणीची यादी कधी लागते याची वाट बघतायत.

तू तिथे आहेस. जे दिसतं ते मला लिही. तुझ्या बाजूचं लिही आणि माझ्या बाजूचंही. पुस्तकातलं सगळेच बोलतील.

तुझी
चेतना


रायपुर
१० डिसेंबर २०००

चि. चेतनास जयभीम.

तू आमच्या राज्याच्या विरोधात बोलणार, हे वाचून मी पत्र खाली ठेवलं नि भाजी चिरत बसली. मग वाटलं, आपल्या घरातली पोट्टी माइकवर बोलून राहिली. मी तं रेशनच्या दुकानात नाव सांगताना चाचरो. कोणत्या का बाजूनं असेना, बोल बाप्पा. मी तुले दोन्हीकडचं सांगते.

पयले माझ्या बाजूचं. वरच्या खोलीत मी दोन जण ठेवले, मार्चपर्यंतच, कारण पुढे शाम येईन. एक तिवारीजी नि एक खान बाबू. दोघं भोपाळचे, एकट्यानं आलेले, बायका-पोरं तिकडं. दोघांले चहासुद्धा करता येत नाही. खान बाबू पहिल्याच दिवशी खाली येऊन म्हणे, "मौसी, जो बनेगा वही खिला दो." तिवारीजीनं फक्त चहा घेतला. पंडित माणूस, नि माझ्या बैठकीत बाबासाहेबाचा फोटो, बुद्धाची मूर्ती. बिचारा हॉटेलात जेवत राहिला नि पोट बिघडवून बसला. मग एका दुपारी मी नुसता मऊ भात नि वरण घेऊन वर गेली, दारात ठेवलं नि खाली आली. थोड्या वेळानं ताट धुऊन तो स्वतः घेऊन आला. म्हणे, "मौसी, कल से मेरा भी." भोपाळात असता तं जेवला असता का, हे मी विचारलं नाही. पण हे तुझ्या भाषणात बसते का पाय. राज्य वेगळं झालं नि पंगत मोठी झाली.

आता त्यांच्या ऑफिसातले आणखी येऊन राहिले. सकाळी पोहे पाहिजे, त्यावर शेव पाहिजे, भोपाळात तसेच खातात म्हणे. मी म्हटलं, इथं माझ्या हातचे खावे लागन, तर्री टाकून. आता मागून मागून खातात. गोदावरी भाजी निवडाले येते, तिलेही दोन पैसे सुटतात.

आता तुझ्या बाजूचं. पलीकडच्या गल्लीत एक मास्तरीण भाड्यानं राहात होती, पोरं-बाळं शिकवणारी. घरमालकानं साहेबासाठी घर पाहिजे म्हणून तिले काढलं. ती पुरानी बस्तीत एका अंधाऱ्या खोलीत गेली. मले वाईट वाटलं. नि दूधवाली सांगे, तिचा मोठा दीर दरसाली विटभट्टीवर परमुलखात जाये. यंदा इथं बंगल्याचं काम निघालं म्हणून थांबला. मी म्हटलं, पाय, झाला ना फायदा. तं ती म्हणे, "हव, फेर छोटा तो गए हे." म्हणजे लहाना तं गेलाच. एक थांबला, एक गेला. हे कोणाच्या बाजूचं ते तूच ठरव, मले समजलं नाही.

लोक म्हणतात, पुढं शेतातून रस्ते काढून शहराबाहेर नवीच राजधानी बांधतीन. बांधो. तोवर डीके दवाखानाच बरा, पायी डबा पोचवता येते.

तुझ्या बापाले म्हणा, यादी लागली का लगेच पत्र टाक.

आजी


भोपाळ
१४ जानेवारी २००१

प्रिय आजी,

दुसरा नंबर आला. पहिला एका मुलाचा आला, तो बाजूने बोलला आणि चांगलं बोलला. पण टाळ्या दूधवालीच्या दोन दिरांना पडल्या. मी म्हटलं, एक भाऊ घरी थांबला म्हणून तुम्ही हार घालता, तर दुसरा गेला त्याचा हिशोब कोण देणार? परीक्षकांनी विचारलं, ही माहिती कुठली? मी म्हटलं, तात्यापाऱ्याची. सगळे हसले, पण एका परीक्षकांनी लिहून घेतलं.

तिवारीजींचं मी सांगितलं नाही. ते माझ्या विरोधात जात होतं. खाली उतरल्यावर मला त्याचीच लाज वाटली. ते मला फार आवडलं होतं, आणि मी जिंकायचं म्हणून लपवलं. तू मला दोन्हीकडचं लिहिलंस आणि मी एकाच बाजूचं वापरलं. तुझ्यासारखं बोलायला मला अजून वेळ लागेल.

आमच्याकडे सगळे बरे आहेत. आईच्या शाळेत परीक्षा आहेत. यादीचं बाबाच तुला लिहितील.

तुझी
चेतना


रायपुर
२ फेब्रुवारी २००१

चि. चेतनास जयभीम.

दुसरा नंबर म्हणजे साऱ्या भोपाळातून दुसरा. मी गोदावरीले सांगतलं, तिनं चार घरी सांगतलं. एका घरी पोचेस्तोवर तू पहिली आली होती, मी काही दुरुस्त केलं नाही.

आता माझं ऐक. तुझी आजी नवीन धंद्यात पडली. पैसा नाही भेटत, पण झोप छान लागते.

तुले माहीतच आहे, मी आपल्या समाजातली किती लग्नं जुळवली. तुझ्या आईचंही मीच पाहिलं होतं. तं जेवताना हे सारे बाबू एकच रडगाणं गात. ज्याले भोपाळ पाहिजे त्याचं नाव रायपुरच्या यादीत, नि ज्याले रायपुर पाहिजे तो भोपाळात अडकलेला. मग तिवारीजी म्हणे, असे दोघं एकाच खात्यातले, एकाच पदाचे भेटले तं अदलाबदली होते. त्याले ते म्युचुअल म्हणतात. मी म्हटलं, अरे, मग हे लग्नच आहे. पोरगा-पोरगी जातीतले पाहिजे, तसे हे खात्यातले पाहिजे. येवढ्यासाठी रडता काहून?

तिवारीजीचा साळा तिकडं भोपाळात सचिवालयात आहे. तो तिकडून स्थळं पाठवते, मी इकडून. मी फक्त एक नियम घालून देला. दोन्हीकडून हो येईपर्यंत नाव सांगायचं नाही. खातं सांगा, पद सांगा, अडचण सांगा, नाव नाही. लग्नातही मी असंच करो. नाव फुटलं नि मग नकार आला, तं माणसाची बदनामी होते. नि इथं तं साहेबाच्या कानावर गेलं का हा बाबू पळाले पाहाते, तं तो त्याचं जिणं हराम करन. तिवारीजी म्हणे, "मौसी, आपको तो मंत्रालय में होना था." मी म्हटलं, मंत्रालयात मी एकदा पोरगा जन्माले घालून आली, तेवढं पुरे.

आतापर्यंत तीन जोड्या जमल्या. नि चौथी सगळ्यात गोड. आपला भैय्यालाल. पोट्ट्याचं नाव मध्यप्रदेशच्या यादीत लागलं होतं. गोदावरीच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरून राहिला, घरात दुसरं कोणी नाही, रोज माझ्याजवळ येऊन बसे, भाजी निवडता निवडता टिपं गाळे. मी तिवारीजीच्या मागंच लागली. परवा त्याच्या साळ्याचा निरोप आला. स्थळ सापडलं. भैय्यालालच्याच खात्यातला, ग्रेड-टू बाबू, नाव रायपुरच्या यादीत, पण येणं होत नाही. बायकोची नोकरी तिथं, पोरीचं शिक्षण तिथं. माणूस सज्जन आहे, म्हणे, फक्त बोलत कमी. मी म्हटलं, हो सांग, हो सांग. माझ्या भैय्यालालले असंच साधं माणूस पाहिजे. गोदावरीले सांगतलं तं तिनं माझे पाय धरले. मी म्हटलं, अवो उठ, पायावर भाजी पडून राहिली.

तुझा बाप काही लिहित नाही. म्हणजे मले समजलं. तो न सांगता दारात येऊन उभा राहाणार. लहानपणीही शाळेतून बक्षीस भेटलं तं सांगत नसे, पाठीमागं लपवून यायचा. मी तिवारीजी नि खान बाबूले सांगून ठेवलं, का एप्रिलपासून दुसरी खोली पाहा. जेवण माझ्याकडंच.

आजी


भोपाळ
११ मार्च २००१

प्रिय आजी,

हे पत्र बाबांना न सांगता लिहितेय.

बाबांचं नाव डिसेंबरातच रायपुरच्या यादीत लागलं होतं. त्यांनी तुला कळवलं नाही, कारण कळवलं तर तू खूष होशील आणि मग नाही म्हणता येणार नाही, असं ते आईला म्हणाले. मला माहीत होतं. मागच्या पत्रात ‘बाबाच लिहितील’ असं लिहिलं ते त्यासाठी.

मग ऑफिसात त्यांना कोणीतरी सांगितलं की अदलाबदली होऊ शकते, रायपुरात एक मावशी आहे, ती जुळवून देते. नाव कोणी कोणाचं सांगत नाही. बाबांनी आम्हाला न सांगता खातं, पद आणि अडचण कळवली. होकार आला. परवा दोन्ही नावं उघडली. समोरच्याचं नाव भैय्यालाल, पत्ता तात्यापारा, रायपुर.

बाबा त्या दिवशी घरी आले आणि चप्पल न काढता खाटेवर बसले. आईने विचारलं तर म्हणाले, "माझ्या आईनंच मला इथे ठेवलं आणि तिला माहीतही नाही." तुझं फेब्रुवारीचं पत्र तेव्हा मी त्यांना दाखवलं. खोली रिकामी करायला सांगितलीस ती ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग उठून बाहेर गेले.

कागद तयार आहे. भैय्यालालकाकांची सही झाली, बाबांची नाही. तुला विचारल्याशिवाय सही करणार नाही म्हणतात, आणि तुला विचारतही नाहीत. महिनाअखेर शेवटची तारीख आहे. सही नाही झाली तर बाबांना रायपुरला यावंच लागेल, एकट्याने. आई आणि मी इथे राहू. तू एक शब्द तिवारीजींना सांगितलास तरी ते मोडेल.

मी एवढं मोठं भाषण केलं, राज्य तुटलं की घरं तुटतात. आता मला विचारलं की तुझ्या आजीने काय करावं, तर मला दोन वाक्यं सुचत नाहीत. तू जे करशील ते मला बरोबर वाटेल. हे मी लाडाने म्हणत नाही.

चेतना


रायपुर
१८ मार्च २००१

चि. चेतनास जयभीम.

तुझं पत्र आलं तेव्हा मी पापड वाळवून राहिली होती. इथं आताच ऊन इतकं झालं का पापड पाहता पाहता कडक. खान बाबूले पापड लय आवडतात, तो वाळायच्या आधीच उचलते, त्याले मी काठी दाखवते. हे काहून लिहून राहिली? कारण पत्र वाचल्यावर मी पापडच पाहात बसली, नि उचलायचं राहून गेलं, नि गायीनं खाल्ले.

मले राग आला. खोटं काहून बोलू. तुझ्या बापाचा आला, तुझाही थोडा आला, मग तिवारीजीच्या त्या साळ्याचा आला, ज्याले मी कधी पाहिलं नाही. ‘माणूस सज्जन, बोलत कमी.’ येवढं सांगतल्यावर आईले समजू नये? माझाच नियम, नि माझ्याच डोळ्यावर पट्टी. संध्याकाळी तिवारीजीले सांगतलं तं त्याचा घास हातात राहिला. म्हणे, "मौसी, मैं अभी तार करता हूँ, तोड़ देते हैं." बिचाऱ्याचा चेहरा इतका उतरला का मलेच त्याले पाणी द्यावं लागलं. मी म्हटलं, थांब. आधी गोदावरीकडं जाऊन येते.

जाताना मी मनात ठरवून गेली होती का सांगायचं, बाई, तुझा पोरगा येत नाही, माझा येते. गेली तं तिनं भैय्यालालची खाट उन्हात टाकली होती. डोळ्याले नीट दिसत नाही, तं हातानं चाचपून चाचपून एक एक नवार ओढून राहिली. मले म्हणे, "दीदी, पाय ना, मधी झोळ तं नाही आला?" मी बसली नि दुसऱ्या बाजूनं नवार ओढली. आम्ही दोघीनं खाट कसली. तिनं चहा पाजला. मी काही न सांगता आली.

घरी येऊन तुझंच भाषण आठवलं. तू म्हणे, राज्य तुटलं का घर तुटते. मी म्हणो, नाही, पंगत मोठी होते. आता पाय, दोघीही खऱ्या निघालो. नि तुझा पहिल्या नंबरचा पोट्टाही खरा असन, त्यानं काय सांगतलं ते तू लिहिलंच नाही, पुढच्या पत्रात लिही. मले आता त्याचंही ऐकाचं आहे. एक सांगते, शाम एकटा इथं आला असता, तं मले पोरगा भेटला असता नि मी एका पोरीचा बाप नि एका बाईचा नवरा वरच्या खोलीत आणून टाकला असता. असे माझ्याकडं आधीच आहेत. त्यांले मी रोज वाढते, नि रोज पाहाते का घरून पत्र आलं तं ते कसे जेवतात नि नाही आलं तं कसे जेवतात. माझ्याच पोराले त्या पंगतीत बसवू का?

आणि दुसरं, ही जोडी चांगली आहे. मी जितक्या जुळवल्या त्यात हिच्यासारखी नाही. दोन्हीकडचं खातं जमलं, पद जमलं, अडचण जमली, माणसं दोन्ही सज्जन. अशी जोडी मी स्वतःच्या हातानं मोडली तं उद्या कोण मले स्थळ सांगन? आतापासूनच दोन नवीन येऊन बसले आहेत, एक सिंचनवाला नि एक शाळेखात्याचा.

तं शामले म्हणा, सही कर. आईनं सांगतलं म्हणून कर, नि मान खाली घालून करू नको. त्यानं मले सांगाले पाहिजे होतं, हे मी त्याले तोंडावर सांगीन, तू मधी पडू नको. तिवारीजी नि खान बाबूले मी म्हटलं, खोली सोडू नका. खान बाबू लगेच पापडाकडं गेला.

तुझ्या आईले म्हणा, माझी काळजी करू नको. नि तू, चेतना, बोलणं सोडू नको. तू ‘लाज वाटली’ म्हणून लिहिलं ना, ते वाचून मले तुझ्या नंबरापेक्षा जास्त बरं वाटलं. ज्याले स्वतःच्या भाषणाची लाज वाटते, ते पोरगं पुढं जाऊन चांगलं बोलन.

आता कामाचं. जोडी जमली का जुळवणारीले दोन्हीकडून लुगडं लागते, हे शामले माहीत आहे, त्याच्या लग्नात त्यानंच दुकानातून आणलं होतं. गोदावरीकडचं भैय्यालाल आला का येईन. दुसऱ्या पक्षाचं राहिलं. ते हातानं द्यावं लागते, वाकून, नि त्या दिवशी जुळवणारीच्या घरी सगळ्या घरानं जेवावं लागते. तुमची परीक्षा, शाळा सारं आटपलं का छत्तीसगड एक्स्प्रेसची तीन तिकिटं काढा. मी आत्ताच सांगून ठेवते, पोस्टानं पाठवलेलं लुगडं मी घेत नसते.

आजी